ई-सिगारेट फुटते म्हणजे नेमके काय होते? एका सेलचा इतिहास

ई-सिगारेटबद्दल मला विचारले जाणारे प्रश्न बहुतेक फुफ्फुसांविषयी असतात. "डॉक्टर, यात धूर नसतो ना, मग चालेल का?" असे तरुण विचारतात. "मुलाच्या दप्तरात पेन ड्राइव्हसारखे काहीतरी सापडले, त्याला आंब्याचा वास येतो, काय असेल?" असे आईवडील विचारतात. निकोटीन, स्वादासाठी घातलेली रसायने आणि त्या वाफेचे परिणाम हे मोठे विषय आहेत. पण आजचा लेख वाफेबद्दल नाही. ती वाफ ज्याच्या जोरावर तयार होते, त्या बॅटरीबद्दल आहे.

"ई-सिगारेटचा खिशात स्फोट" अशी बातमी तुम्ही कधीतरी वाचली असेल. ती वाचून लोक दोनपैकी एक गोष्ट म्हणतात. एक, "चायनीज माल असेल, फुटणारच." दोन, "त्यात काय, मोबाइलही फुटतात." दोन्ही म्हणणी अर्धीच खरी आहेत. मोबाइलमधली आणि ई-सिगारेटमधली बॅटरी एकाच जातीची असते, हे बरोबर. तरीही ई-सिगारेटच्या जखमा वेगळ्या असतात आणि त्या वेगळ्या का, हे समजून घ्यायचे तर सुमारे पन्नास वर्षे मागे जावे लागते. तेव्हा ई-सिगारेट नव्हती, पण ही बॅटरी जन्माला येत होती, आणि पहिल्या दिवसापासून पेट घेत होती.

सुरळीची वडी आणि आग

१९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि तेल कंपन्याही पर्याय शोधू लागल्या. अमेरिकेत एक्सॉन या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातू वापरून पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. लिथियम हा सगळ्यात हलका धातू आणि आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकायला कायम उतावीळ. म्हणूनच तो बॅटरीसाठी उत्तम, आणि म्हणूनच धोक्याचा. बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज केली की लिथियम सपाट न बसता त्याला सुयांसारखे कोंभ फुटत. असा एखादा कोंभ वाढत वाढत समोरच्या टोकाला टेकला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन आग लागे. त्या प्रयोगशाळेत अग्निशमन दलाला इतक्या वेळा यावे लागले, की लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च आता तुमच्याकडून वसूल करू, अशी तंबी दलाने दिली होती.

१९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून या बॅटरीची ताकद वाढवली. आग मात्र होतीच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका कॅनेडियन कंपनीने लिथियम धातूच्या बॅटऱ्या बाजारात आणल्या. जपानमध्ये त्या मोबाइल फोनमध्ये बसवल्या गेल्या, पेटल्या, आणि १९८९ मध्ये सगळा माल परत घ्यावा लागला.

वाट सापडली ती जपानमध्येच. अकिरा योशिनो यांनी धातूरूपातले लिथियम बॅटरीतून काढूनच टाकले. त्याऐवजी कार्बनच्या थरांमध्ये लिथियमचे आयन येऊन बसतील आणि तिथून परत जातील अशी रचना केली. मग १९८६ मध्ये त्यांनी जी चाचणी घेतली ती मला फार आवडते, कारण ती कोणालाही समजेल अशी आहे. स्फोटके तपासायची जागा गाठून त्यांनी आपल्या बॅटरीवर लोखंडाचा जड ठोकळा टाकला. काही झाले नाही. तोच ठोकळा लिथियम धातूच्या बॅटरीवर टाकला, तर मोठा स्फोट झाला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ही लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

म्हणजे धोका गेला का? नाही, कमी झाला. का, ते कळायला एका सेलच्या पोटात डोकावू.

सुरळीची वडी आठवा. धातूच्या दोन लांब पट्ट्या, दोन्हींवर वेगवेगळी रसायने थापलेली, मध्ये प्लॅस्टिकचा केसाहूनही पातळ पडदा, आणि हे सगळे गुंडाळून एका लहान डबीत घट्ट बसवलेले. पडद्याच्या दोन्ही बाजूंना जो द्रव असतो तो पाणी नव्हे. तो ज्वालाग्राही सेंद्रिय द्रव असतो, कारण पाणी इतका दाब, म्हणजे सुमारे ४ व्होल्ट, सहन करू शकत नाही. सगळी भिस्त त्या पातळ पडद्यावर. सेल प्रमाणाबाहेर चार्ज झाला, त्यातून झेपणार नाही इतका प्रवाह ओढला गेला, तो चेपला किंवा तापला, की पडदा वितळतो. साधारण १३० अंश सेल्सिअसला पॉलिथिलीनचा पडदा टिकत नाही. पडदा गेला की दोन्ही बाजू भिडतात, उष्णता वाढते, उष्णतेने रसायने विघटित होतात, त्यातून आणखी उष्णता निघते. हे चक्र एकदा सुरू झाले की चार्जर काढूनही थांबत नाही. याला थर्मल रनअवे म्हणतात. काही सेकंदांत सेलमधून दाबाने पेटता वायू बाहेर पडतो.

हे सगळे बॅटरी बनवणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होते. म्हणून त्यांनी या सेलला कधी मोकळे सोडले नाही. अनेक सेलांमध्येच दाब वाढल्यावर वीज तोडणारी छोटी चकती असते, वायू वाट काढेल अशी झडप असते. पण ते शेवटचे उपाय. खरे संरक्षण बाहेर असते. तुमच्या लॅपटॉपच्या बॅटरीत असे अनेक सेल एका कडक पेटीत बसवलेले असतात आणि त्यांच्यावर एक लहान इलेक्ट्रॉनिक पट्टी पहारा देत असते. व्होल्टेज जास्त झाले, तोड. प्रवाह जास्त झाला, तोड. तापला, तोड. मोबाइलमध्येही तेच. आपण रोज रात्री फोन उशाशी ठेवून झोपतो (ठेवू नये, पण ठेवतो) आणि सकाळी उठतो, ते या पहारेकऱ्याच्या भरवशावर.

पहारा असूनही अपघात झालेच. २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. २०१३ च्या जानेवारीत बोइंग ७८७ ही नवी कोरी विमाने बॅटरीच्या आगींमुळे जगभर जमिनीवर उभी राहिली. २०१६ मध्ये सॅमसंगने सुमारे २५ लाख नोट ७ फोन परत घेतले. पण या तिन्ही वेळी माल कोणाचा हे ठाऊक होते, नोंद होती, परत मागवता आला, आणि कारण शोधून सुधारता आले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नळी मोठी होत गेली

विजेवर चालणाऱ्या सिगारेटची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये त्यांना ते मिळाले. बॅटरीने तापवलेली, स्वाद असलेली ओलसर हवा ओढायची, अशी ती युक्ती होती. ती बाजारात कधी आली नाही. बोटाएवढ्या नळीत मावेल आणि पुरेशी ऊर्जा देईल अशी बॅटरी तेव्हा नव्हतीच.

२००३ मध्ये चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांनी आजची ई-सिगारेट बनवली. ते स्वतः भरपूर सिगारेट ओढत आणि त्यांचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. त्यांची 'रुयान', म्हणजे 'धुरासारखी', चीनमध्ये विकली जाऊ लागली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत युरोप-अमेरिकेत पोचली. त्यानंतरच्या सुरुवातीच्या ई-सिगारेटी खऱ्या सिगारेटएवढ्याच असत. टोकाला छोटा दिवा लुकलुकायचा. बॅटरी इवलीशी, वाफही बेताची.

आणि नेमकी हीच लोकांची तक्रार होती. बॅटरी तासाभरात संपते, वाफेत दम नाही. २००८ च्या सुमारास ब्रिटनमधल्या हौशी मंडळींनी यावर तोड काढली. विजेरीच्या म्हणजे टॉर्चच्या धर्तीची धातूची नळी घ्यायची, त्यात मोठा सेल घालायचा आणि वर वाफ करणारा भाग स्क्रूसारखा फिरवून बसवायचा. अशा बदललेल्या यंत्रांना 'मॉड' नाव पडले. लवकरच त्यांत १८६५० नावाचा सेल सर्रास वापरला जाऊ लागला. नाव क्लिष्ट वाटते, पण अर्थ सोपा आहे: १८ मिलिमीटर रुंद, ६५ मिलिमीटर लांब, आणि शेवटचे शून्य तो गोल नळकांड्यासारखा आहे हे सांगते. आपल्या घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो त्या पेन्सिल सेलचा थोराड भाऊच दिसतो. लॅपटॉपच्या पेटीत पहाऱ्याखाली असायचा तो हाच.

आता पाहा काय झाले. पेटी गेली. पहारा देणारी पट्टी गेली. 'मेकॅनिकल मॉड' म्हणून जो प्रकार लोकप्रिय झाला, त्यात एक नळी, एक बटण, एक सेल आणि एक तापणारी तार एवढेच असते. धातूची नळी हीच वायर. मध्ये फ्यूज नाही, तापमान पाहणारे कोणी नाही, बटण अडकले तर बंद करणारे काही नाही.

शाळेतला ओहमचा नियम इथे कामाला येतो. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो. जुन्या छोट्या ई-सिगारेटच्या तारेचा रोध समजा २.५ ओहम, तर प्रवाह १.७ अँपिअरच्या आसपास. सेलला काहीच नाही. पण जास्त वाफेच्या हव्यासाने लोक जाड आणि आखूड तारेची कॉइल घरी वळू लागले. रोध ०.२ ओहमवर आला, की प्रवाह २१ अँपिअर होतो. आणखी निम्मा केला, तर ४२. घरातला पाण्याचा गीझर साधारण १० अँपिअर घेतो. (व्होल्टेज वेगळे असल्याने ही तुलना ऊर्जेची नाही, केवळ प्रवाहाची आहे; पण सेलला त्रास प्रवाहाचाच होतो.) चांगल्या प्रतीचे, जास्त प्रवाह देण्यासाठी बनवलेले १८६५० सेलही २०-२५ अँपिअरच्या पुढे सुरक्षित राहत नाहीत. त्यात बाजारात असे सेल आले, की ज्यांचे मूळ वेष्टन काढून नवे रंगीत वेष्टन चढवलेले आणि त्यावर अंगात नसलेली ताकद छापलेली. माणसाने हिशेब बरोबर केला तरी त्यात घातलेला आकडाच खोटा.

या हौशी लोकांना मी सरसकट मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्यात सिगारेटपासून सुटू पाहणारेही होते, ओहमचा नियम कोळून प्यायलेलेही होते. अडचण तेव्हा झाली जेव्हा हा उद्योग हौशी मंडळींच्या टेबलावरून दुकानाच्या काउंटरवर आला आणि काहीच माहीत नसलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या खिशात गेला. हे सेल पेटीत जोडण्यासाठी बनवलेले औद्योगिक सुटे भाग आहेत, ग्राहकाने एकेकटे विकत घेऊन वापरायची वस्तू नव्हे, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये दिला. तोवर हे सेल असे वापरले जाऊ लागून दहा-बारा वर्षे झाली होती.

खिसा, तोंड, मांडी

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१४ मध्ये पहिला अहवाल काढला. २००९ पासूनच्या बातम्यांमधून २५ घटना सापडल्या होत्या आणि त्यांतल्या ८० टक्के चार्जिंग सुरू असताना घडल्या होत्या. अनेक ई-सिगारेटी यूएसबीवर चार्ज होत, आणि यूएसबी दिसले की आपण हाताला येईल तो चार्जर लावतो. तो त्या सेलला मानवणारा असेलच असे नाही. याच अहवालात आकाराचा मुद्दाही मांडला होता. लांबट नळीची बाजू मजबूत आणि टोके कच्ची. आत दाब वाढला की नळी बाजूने न फाटता टोकाने सुटते, रॉकेटसारखी. आणि एक टोक ओठांत असते.

२०१७ च्या दुसऱ्या अहवालात २००९ ते २०१६ मधल्या १९५ घटना होत्या. १३३ जण जखमी, त्यांतले ३८ गंभीर. मला यात महत्त्वाचे वाटते ते घटनांचे स्थान. ६१ घटना खिशात, ६० ओढत असताना, ४८ चार्जिंग करताना. तीन वर्षांपूर्वी चार्जर हा मुख्य संशयित होता, आता खिसा पुढे आला. माझ्या मते याचे कारण वर सांगितले तेच असावे: मोठे, सुटे सेल. जादा सेल बरोबर बाळगायची सवय लागली आणि पँटचा खिसा ही त्याची जागा झाली.

सुटा १८६५० सेल हातात घेऊन पाहिला तर कळते. त्याचे तळ आणि सगळी बाजू हे मायनस टोक असते. वरची टिकली प्लस. त्या टिकलीच्या अगदी लगतची कड मायनस असते, आणि दोघांत असतो एक छोटा कागदी वा प्लॅस्टिकचा कडा आणि पातळ वेष्टन. वेष्टन तिथे जरासे फाटले आणि खिशातली किल्ली किंवा सुट्टे पैसे आडवे टेकले, की शॉर्ट सर्किट पूर्ण. ना यंत्र सुरू करावे लागते, ना बटण दाबावे लागते.

वरचे आकडे फक्त बातम्यांत आलेल्या घटनांचे. रुग्णालयांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये 'टोबॅको कंट्रोल' या नियतकालिकात आला. त्यात २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत अमेरिकेत अंदाजे २,०३५ जण ई-सिगारेटच्या स्फोटाने किंवा भाजल्याने आपत्कालीन विभागात आले, असे म्हटले आहे. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये यंत्राचे तुकडे डोक्यात आणि मानेत घुसून दोन तरुण दगावले. टेक्सासमध्ये तुकड्याने मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी कापली होती.

सिॲटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये आपल्या १५ रुग्णांची माहिती 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दिली. हे सगळे सुमारे नऊ महिन्यांत आलेले. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या मांडीला किंवा जांघेत जखमा होत्या, एकतृतीयांशांच्या हाताला, पाचांतल्या एकाच्या चेहऱ्याला. ज्वाळेने भाजलेले ८० टक्के, रसायनाने भाजलेले ३३ टक्के, स्फोटाच्या धक्क्याने जखमी २७ टक्के. बेरीज शंभरच्या वर जाते, कारण एकाच माणसाला दोन-तीन प्रकारच्या जखमा होतात. या बॅटरीचे वैशिष्ट्य तेच आहे. गरम दुधाने भाजणे एक, ॲसिड अंगावर उडणे दुसरे, फटाका हातात फुटणे तिसरे. इथे तिन्ही एकाच क्षणी होते, ते पण कपड्याच्या आत, जिथून ती वस्तू लगेच काढून फेकता येत नाही. पँट कृत्रिम धाग्याची असेल तर तीही वितळून कातडीला चिकटते. अशा काही रुग्णांना त्वचारोपण करावे लागते.

विमान कंपन्यांनी यातून सगळ्यांत लवकर धडा घेतला. ऑगस्ट २०१४ मध्ये बॉस्टनच्या विमानतळावर सामानाच्या कप्प्यातल्या एका बॅगेला ई-सिगारेटमुळे आग लागली. २०१५ मध्ये नियम झाला, की ई-सिगारेट चेक-इन सामानात चालणार नाही, ती प्रवाशाने जवळच ठेवायची, आणि विमानात चार्ज करायची नाही. धोक्याची वस्तू माणसांत ठेवायची हे अनेकांना उलटे वाटते. पण केबिनमध्ये धूर निघाला तर कोणाला तरी दिसतो आणि पाणी ओतता येते. पोटातल्या कप्प्यात दिसतच नाही.

आपल्याकडची गोष्ट

भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. बंदीमागचा विचार निकोटीनचा आणि तरुण पिढीचा होता. बॅटरीची चर्चा त्यात फारशी नव्हती.

बंदी उठवावी असे मी म्हणत नाही. शाळेतल्या मुलांपर्यंत ही वस्तू उघड दुकानातून पोचू नये, हे मला डॉक्टर म्हणून योग्यच वाटते. पण एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. पानटपरीच्या मागून, ओळखीतून किंवा समाजमाध्यमावर मिळणारी वस्तू अजूनही मिळतेच, आणि ती जशी येते तशी येते. ज्या देशांत विक्रीला परवानगी आहे, तिथे हळूहळू काही पहारे परत बसवले गेले. उदाहरणार्थ, 'यूएल ८१३९' नावाचे मानक ई-सिगारेटच्या बॅटरी, चार्जिंग आणि विद्युत रचनेची तपासणी करते. आपल्याकडे चोरून आलेल्या मालाला बिल नाही, कंपनीचा पत्ता खरा की खोटा ठाऊक नाही. उद्या त्यातल्या एका खेपेत दोष निघाला तर लॅपटॉप बॅटऱ्यांसारखे ते परत मागवणार कोण, आणि कोणाकडून?

शिवाय लपवून वापरलेली वस्तू लपवूनच चार्ज होते. उशीखाली, कपाटात कपड्यांच्या घडीत, दप्तरात पॉवर बँक लावून. आग लागायला याहून सोयीच्या जागा सांगता येणार नाहीत. म्हणून घरात अशी वस्तू सापडली तर पहिला आवाज चढवण्याआधी ती बिछान्यापासून दूर, फरशीवर किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवा. मग बोला. ओरडण्याने मूल ई-सिगारेट सोडत नाही, फक्त जागा बदलते. निकोटीनची सवय लागली असेल तर ती सुटायला मदत लागते आणि ती मिळते. त्यासाठी मुलाला घेऊन या.

अलीकडे आपल्याकडे जास्त दिसतात त्या एकदाच वापरायच्या, रंगीत, स्वादाच्या कांड्या. यांत सुटा सेल नसतो, म्हणून खिशातल्या किल्लीचा धोका कमी. पण आत लिथियम सेल असतोच आणि काही महाभाग ती कांडी उघडून सेल चार्ज करायचा प्रयत्न करतात. तो प्रकार मेकॅनिकल मॉडइतकाच वाईट. आणि संपलेली कांडी कचऱ्यात जाते. कचऱ्याच्या गाडीत दाबयंत्राखाली सेल चेपला की पुन्हा तोच पडदा, तीच आग. ब्रिटनने जून २०२५ पासून अशा कांड्यांची विक्री बंद केली, त्यामागे कचऱ्याचा प्रश्न मोठा होता. आपल्याकडे तर तो कचरा कोणीतरी हाताने निवडते. तेव्हा अशी वस्तू ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

वाचकांपैकी काहींची मुले इंग्लंड-अमेरिकेत शिकतात, तिथे ही वस्तू कायद्याने मिळते. वापरूच नये हा माझा सल्ला कायम आहे. तरीही वापरत असतील, तर त्यांना एवढे कळवा: सुटा सेल कधीही खिशात नको, प्लॅस्टिकच्या डबीत हवा. वेष्टन फाटलेला, फुगलेला, पडून चेपलेला सेल वापरायचा नाही. चार्जर यंत्राबरोबर आलेलाच, आणि जागे असताना, डोळ्यांसमोर. उन्हात उभ्या मोटारीत ठेवायचे नाही. आणि कोणत्याही संरक्षणाशिवायची मेकॅनिकल नळी नकोच.

आता, दुर्दैवाने फुटलेच तर. सेल फुसफुसू लागला, आवाज आला, गोड उग्र वास आला, तर हातात उचलून धावू नका. दूर व्हा, इतरांना दूर करा. चार्जिंगला असेल आणि बटणापर्यंत सुरक्षित पोचता येत असेल तर आधी वीज बंद करा. लहान लिथियम-आयन सेलच्या आगीवर भरपूर पाणी चालते. व्हिटिंगहॅम यांच्या काळातली खास रसायने लागायची ती धातूच्या लिथियमसाठी, इथे तो धातू नसतो. पाण्याने सेल थंड होतो आणि आग पसरत नाही. धूर मात्र विषारी असतो, तो घेत थांबू नका.

अंगावर असेल तर पेटलेला कपडा लगेच काढा. कातडीला चिकटलेला भाग ओढू नका. काळी पूड किंवा तुकडे दिसत असतील तर कोरड्या फडक्याने झटकून टाका आणि मग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, कॉफी पावडर, शाई यांतले काहीही नको. या जखमांवर पाणी वापरावे की खनिज तेल, याबद्दल तज्ज्ञांमध्ये थोडा मतभेद आहे. काही शल्यचिकित्सक आधी लिटमस कागदाने जखमेवर अल्कली आहे का ते पाहतात. तो निर्णय रुग्णालयात होईल. पण त्यासाठी तिथे गेल्यावर "मोबाइल फुटला" असे सांगू नका, जे फुटले तेच सांगा, शक्य असेल तर त्याचा थंड झालेला तुकडा घेऊन या. आम्हाला ते उपचारासाठी हवे असते.

जखम छोटी दिसली तरी हाताची, चेहऱ्याची, जांघेची भाजलेली जखम त्याच दिवशी दाखवा. डोळ्यांत काही गेले असेल तर धुवत धुवतच या. आणि तोंडापाशी फुटले असेल, तर दात मोजा. एखादा दात तुटला असेल आणि तो कुठेच सापडत नसेल, तर तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. तेव्हा खोकला नसला तरी छातीचा एक्स-रे काढून घ्यावा लागतो.